आमच्या मैदानाला छप्पर कसं मिळालं

पाऊस निसर्गाचा असतो, पण पावसात भिजलेलं मूल त्याच्या आईवडिलांचं असतं. या एका सत्यावर मुंबईतल्या शाळांचा जून ते सप्टेंबरचा सगळा कारभार उभा आहे. (मूल शिंकलं की ते पुन्हा शाळेचं होतं.)

आमची शाळा मुलुंड पूर्वेला आहे. नाव सांगत नाही, कारण मला दहावी तिथूनच काढायची आहे. शाळेला मैदान आहे. मैदान म्हणजे शाळेची इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली अशी जागा, जिथे काय बांधावं हे अजून कोणाला सुचलेलं नाही. पावसाळ्यात तिथे चिखल होतो. म्हणून पावसाळ्यात खेळाचा तास वर्गात होतो आणि वर्गात एकच खेळ होतो: हाताची घडी, तोंडावर बोट. बैठा खेळ आहे, साहित्य लागत नाही, आणि शाळेच्या स्थापनेपासून या खेळात एकही विद्यार्थी जखमी झालेला नाही. पीटीचे निलेश सर शिट्टी वाजवून तो सुरू करतात आणि शिट्टी वाजवूनच संपवतात. मधली पस्तीस मिनिटं ते खिडकीतून मैदानाकडे बघत असतात. गावाला राहिलेल्या म्हशीची आठवण काढावी तसे.

मागच्या वर्षी माझी धाकटी बहीण श्रुतिका दुसरी ब मध्ये होती. तिने पावसाळाभर वहीच्या शेवटच्या पानावर रेघा ओढल्या होत्या. त्या मी नीट मांडल्या. पंधरा जून ते पंधरा सप्टेंबर, खेळाचे तास सव्वीस. पैकी पाऊस पडला म्हणून वर्गात घेतलेले एकवीस. पाऊस पडेल असं वाटलं म्हणून वर्गात घेतलेले तीन. पाऊस नव्हता पण आता सवय झाली होती म्हणून वर्गात घेतलेले दोन. मैदानावर घेतलेले उरले किती, ते तुम्हीच काढा. दुसरीच्या मुलांना आलं होतं.

श्रुतिकाचं मागणं फार नव्हतं. तिला विष-अमृत खेळायचं होतं. ज्याच्यावर राज्य असतं तो हात लावून "विष!" म्हणतो, मग आपण जागच्या जागी पुतळा व्हायचं आणि दुसऱ्या कोणीतरी येऊन "अमृत!" म्हणत सोडवेपर्यंत हलायचं नाही. (मोठी माणसं हाच खेळ सरकारी कचेऱ्यांमध्ये खेळतात, पण तिथे अमृतवाला जेवायला गेलेला असतो.) हा खेळ शाळेत जमेना, म्हणून तिने तो घरी आणला. आमच्या वन बीएचकेमध्ये धावायला स्वयंपाकघर ते गॅलरी एवढाच पल्ला आहे. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तिने आईला ओट्यापाशी "विष!" केलं, बाबांना बाथरूमच्या दारात "विष!" केलं, आणि मला अमृत द्यायला वेळ नव्हता. आमटी उतू गेली. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन म्हणाले, "घरात घोडा पाळलाय का?" 

आईने गॅस पुसला आणि फोन हातात घेतला.

"२री ब पालक (फक्त महत्त्वाचे)" या ग्रुपवर तिने लिहिलं: आपल्या मुलांना पावसाळ्यात उघड्यावर खेळता यावं म्हणून मैदानाला छप्पर हवं, असं कोणाकोणाला वाटतं? एक्केचाळीस उत्तरं आली. अडतीस जोडलेले हात, दोन गुलाबाचे गुच्छ आणि एक "वहिनी, वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा". आईने सगळे होकार धरले. चळवळी अशाच सुरू होतात.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. शाळेच्या जगात पालकांना नावं नसतात. आई तिथे श्रुतिकाची आई आहे, आणि तिच्या शेजारी उभी राहणारी बाई गेली तीन वर्षं अक्षताची आई आहे. दोघी एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जातात, पण नाव विचारायची वेळ निघून गेली. त्यामुळे छपराच्या अर्जावर सह्या घेताना शाळेच्या क्लार्कने "पूर्ण नाव लिहा" म्हटल्यावर रांग एकदम थांबली. देवेशच्या बाबांनी तर लायसन्स काढून बघितलं.

मग मोर्चा निघाला. मोर्चा म्हणजे शाळेच्या गेटसमोर एकोणतीस छत्र्या. "मुलं खेळलीच पाहिजेत!" अशी घोषणा होती आणि ती झकास घुमत होती. वर वर्गात मुलं ती ऐकायला खिडकीपाशी धावली, तेव्हा गडबड होऊ नये म्हणून त्यांना हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवण्यात आलं.

आमच्या मुख्याध्यापिका म्हसकर बाई चांगल्या आहेत. त्यांनी लगेच मान्य केलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की काम पद्धतशीर व्हावं, म्हणून समिती हवी. अध्यक्ष म्हणून केळुसकर काकांची निवड झाली. ते देवेशचे आजोबा. आपल्या सोसायटीचे चौदा वर्षं सेक्रेटरी आहेत आणि या चौदा वर्षांत तिथे एकही निर्णय झालेला नाही, त्यामुळे कोणी दुखावलेलं नाही. मीटिंगमध्ये ते शुद्ध बोलतात आणि तापले की मालवणीत बोलतात. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मला घेतलं. मला मत नव्हतं, पण अक्षर चांगलं होतं, म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दोन मीटिंगांना मी घाबरून कोपऱ्यात बसले. तिसऱ्या मीटिंगला माझ्या लक्षात आलं की मीटिंगमध्ये जे घडतं ते मागाहून कोणालाच आठवत नाही, आणि जे मी लिहिते तेच घडलेलं असतं. तेव्हापासून मी पंख्याखाली बसते.

नोव्हेंबरात काम सुरू झालं. पाऊस संपला होता, मैदान खडखडीत वाळलं होतं, म्हणजे बांधकामाला अगदी योग्य. त्यामुळे कोरड्या दिवसांतही मुलांना मैदानावर सोडता आलं नाही, पण हे सगळं त्यांच्याचसाठी चाललं होतं, हे त्यांना प्रार्थनेनंतर रोज समजावून सांगितलं जाई. जानेवारीपर्यंत आठ खांब आणि वर निळे पत्रे असं छप्पर उभं राहिलं. चारही बाजूंनी मोकळं. खाली माती. श्रुतिका खालून धावत जाऊन आली आणि म्हणाली, "ताई, भारी आहे!"

इथे थांबायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण जबाबदार माणसं थांबत नाहीत.

"एक शंका आहे," केळुसकर काका म्हणाले. "छप्पर वर आहे. बरोबर. पण पाऊस काय सरळ पडता?"

सगळ्यांनी वर पत्र्यांकडे बघितलं. 

"मुलुंडला नाही पडत," अक्षताची आई हळूच म्हणाली. "ठाण्याला पडत असेल."

शंका शास्त्रीय होती, म्हणून प्रयोग करायचं ठरलं. फेब्रुवारीत पाऊस नसल्यामुळे झाडांना पाणी घालायचा पाइप आणला. मुलाच्या भूमिकेत निलेश सर छपराखाली मधोमध उभे राहिले. केळुसकर काकांनी पश्चिमेकडून, वाऱ्याचा अंदाज घेत, पाइप धरला. सर गुडघ्यापर्यंत भिजले. मी तशी नोंद केली. तेव्हा आईने असं दाखवून दिलं की सरांचा गुडघा म्हणजे दुसरीतल्या मुलाची छाती. हे ऐकून सभेत एकदम हळहळ पसरली. पश्चिमेला भिंत घालायचा निर्णय झाला.

पण वारा फिरतो. हे सरांना बाकीच्या तीन दिशांनी भिजवून सिद्ध करण्यात आलं. (सरांनी चौथ्या वेळी स्वतःच गोल फिरून दाखवलं, म्हणजे पाइप हलवायला नको.) म्हणून चारही बाजूंनी भिंती. उंची किती? कोणत्याही मुलावर अन्याय नको, म्हणून शाळेतला सर्वांत उंच मुलगा मोजला. तो दहावीतला शौनक, सहा फूट एक इंच. त्याच्या डोक्यावर एक फूट हवा ठेवली.

भिंती झाल्यावर आत अंधार झाला. अंधारात मुलं एकमेकांवर आपटतील, म्हणून खिडक्या. खिडकीतून डास येतील आणि डेंग्यूच्या दिवसांत कोण धोका पत्करणार, म्हणून जाळ्या. जाळ्यांनी हवा कोंडेल, म्हणून चार पंखे. पंख्याला उडालेला चेंडू लागेल, म्हणून चेंडू बंद. यातल्या एकेका गोष्टीत खोट काढून दाखवा. मी प्रयत्न केला होता. मला मत नव्हतं.

मार्चमध्ये मातीचा प्रश्न आला. भिंती आणि छप्पर असलेल्या जागेत माती बरी दिसत नाही, असं सगळ्याच आयांना एकदम वाटलं. घराघरातल्या संस्कारांचा प्रश्न होता. लादी बसवली. छान, क्रीम रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. लादीवर पाय घसरतो, हे निलेश सरांनी (न ठरवता) दाखवलं. मग आत शिरायच्या वाटेवर पाटी लागली: "मैदानात धावू नये."

पुढच्या मीटिंगला सर उठून उभे राहिले. त्यांचा हात अजून गळ्यात बांधलेला होता. "बाई, मग धावायचं कुठे?"

"सर," म्हसकर बाई समजुतीने म्हणाल्या, "खेळ म्हणजे नुसतं धावणं नव्हे. खेळ ही एक वृत्ती आहे."

"बरोबर," केळुसकर काका म्हणाले. "बुद्धिबळात कोण धावतो?"

मी घरी येऊन आईला म्हटलं, "आई, तुला कळतंय ना काय चाललंय? वाट लागली त्या मैदानाची."

"गप गं," आई म्हणाली. "उद्या पोरीचं डोकं फुटलं तर तू येणारेस का टाके घालायला?" 

मला टाके घालता येत नाहीत.

धावायचं नाही म्हटल्यावर मुलं उभी राहणार. पस्तीस मिनिटं उभं राहून पाय दुखतात, याबद्दल एका पालकांनी (ते फिजिओथेरपिस्ट आहेत) पानभर लिहून दिलं. म्हणून बाक आले, दोन-दोन मुलांचे, ओळीने. बाकावर नुसतं बसवलं की मुलं बोलतात. म्हणून समोर फळा. फळा अभ्यासासाठी नव्हता, हे इतिवृत्तात ठळक लिहावं असा आग्रह आईनेच धरला: त्यावर फक्त खेळांचे नियम लिहायचे. मग खडू, डस्टर, टेबल, खुर्ची. बाक चोरीला जाऊ नयेत म्हणून दार, कडी आणि कुलूप. आणि दार लावलं की शाळेची घंटा ऐकू येत नाही अशी तक्रार आली, म्हणून आत एक छोटी घंटा.

जूनमध्ये उद्घाटन झालं. आंब्याचं तोरण, नारळ, फीत, सगळं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत एक थेंब नाही. केळुसकर काकांचे डोळे भरून आले. "ह्या मैदान," ते माइकवर म्हणाले, "पोरांचा आसा!" टाळ्या पडल्या. मग पहिला मान म्हणून श्रुतिकाचा वर्ग आत सोडला. तो आता तिसरी ब झाला होता. एक्केचाळीस मुलं दारातून आत आली. त्यांनी पंखे बघितले. बाक बघितले. फळा बघितला. कोणी काही सांगितलं नव्हतं, शिट्टीही वाजली नव्हती. मुलं ओळीने जाऊन दोन-दोन करून बसली, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

पाहुणे म्हणाले, शिस्त बघा.

आई टाळ्या वाजवत होती, पण मध्येच तिचा एक हात थांबला. मी बघितलं. इतिवृत्तात लिहिलं नाही.

पुढचं सरळच आहे. यंदा पहिलीत मुलं वाढली आणि एक वर्ग कमी पडू लागला. म्हसकर बाईंनी इमारतीत फेरी मारली. चार भिंती, पंखे, बाक आणि फळा असलेली एक खोली दिवसातला बराच वेळ रिकामी असल्याचं त्यांना आढळलं. तिसरी ब तिथे हलवण्यात आली. कागदोपत्री ती जागा मैदानच आहे, आणि कागद बदलायचा तर नवी समिती लागेल. म्हणून तिसरी ब चे मैदानावरचे तास आठवड्याला दोनवरून एकदम पंचेचाळीसवर गेले. मराठी मैदानावर. गणित मैदानावर. परिसर अभ्यास तर मैदानावरच हवा. इतकी मैदानी शाळा मुंबईच्या उपनगरांत दुसरी नसल्याचं प्रशस्तिपत्र एका संस्थेने पाठवलं. ते फ्रेम करून मैदानातच, फळ्याच्या वर लावलंय. तिसरी ब मुळातच दिवसभर मैदानावर असल्यामुळे तिला वेगळा खेळाचा तास देणं हा इतर वर्गांवर अन्याय झाला असता. तो रद्द झाला. निलेश सर आता त्या तासाला नागरिकशास्त्र शिकवतात. शिट्टी गळ्यात असते.

श्रुतिका घरी आल्यावर विष-अमृत खेळायला कोणाला बोलावत नाही. खालचे आजोबा एकदा वर येऊन विचारून गेले, घोडा आजारी आहे का म्हणून.

या जुलैत, म्हणजे गेल्या बुधवारी, समितीची आभाराची बैठक होती. बैठक अर्थातच मैदानात, कारण तिथे बाक आहेत. त्यासाठी तिसरी ब ला अर्धा तास बाहेर व्हरांड्यात उभं राहायला सांगितलं. पाऊस धो धो होता. केळुसकर काका आभार मानत होते, पहिल्यांदा पत्र्यांचे, मग खांबांचे, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"विष!"

सगळे खिडकीपाशी गेलो. 

मैदानाची नवी भिंत आणि कंपाउंडची जुनी भिंत यांच्यामध्ये चार फुटांची एक पट्टी उरली आहे. मोजणीत चुकली म्हणून उरली. तिथे चिखल आहे, कोणी न लावलेलं अळू आहे, आणि वरून पत्र्यांच्या पागोळ्या धारेने पडतात. तिसरी ब तिथे होती. सगळीच्या सगळी. जागा इतकी अरुंद की समोरासमोर आले तर आडवं होऊन एकमेकांना घासत जावं लागत होतं. ज्याला विष मिळेल तो नेमका पागोळीखाली पुतळा होत होता आणि नाकातोंडात पाणी जात असताना हलत नव्हता, कारण नियम म्हणजे नियम. अक्षता गुडघाभर चिखलात पुतळा होती. आणि ओळीच्या शेवटी, दोन्ही हात पंखांसारखे पसरून, एक पाय वर, चष्म्यावरून पाणी गळत, निलेश सर पुतळा होते.

श्रुतिका लांबून आली. घसरली, पडली, उठली, आणि पुन्हा धावत येऊन सरांच्या पोटावर दोन्ही हात आपटून ओरडली, "अमृत!" 

असा आवाज तिने गेल्या वर्षीच्या ऑगस्टनंतर काढला नव्हता. आमटीनंतर नव्हता काढला.

"भिजतायत!" केळुसकर काका म्हणाले. "पोरां भिजतत मरे! अहो मॅडम, ही जागा राहिलीच कशी?"

बाईंनी नकाशा उघडला. काका खुर्चीवर परत बसले, घसा साफ केला आणि शुद्ध भाषेत ठराव मांडला: सदर चार फुटी पट्टीवर छप्पर घालून ती मुलांसाठी सुरक्षित करावी. सूचक, केळुसकर. "अनुमोदन कोण देतंय?"

सोपा ठराव होता. चार फूट, एक पत्रा. अनुमोदन मिळालं असतं तर सोमवारी काम सुरू. नाही मिळालं तर ठराव बारगळतो, तसा नियमच आहे, आणि पट्टी पट्टी राहते.

अक्षताची आई खिडकीची जाळी धरून उभी होती आणि अक्षताला कोणी सोडवतंय का ते बघत होती. देवेशचे बाबा चवड्यांवर उभे होते. बाईंचं बोट नकाशावर त्या पट्टीवर होतं, पण त्या बघत होत्या बाहेर. मी आईकडे बघितलं. हे सगळं तिनेच सुरू केलं होतं. हात तिचाच वर जायचा. तिने दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले होते.

"कोणीच नाही?" काकांनी विचारलं.

मी पेन उचललं. "अनुमोदनाअभावी" एवढं लिहूनही झालं, खूप छान अक्षरात.

आणि तेवढ्यात तुम्हाला वाटलं, की बाकी सगळं ठीक आहे, पण खरंच, इतक्या पावसात, लहान मुलं, न्यूमोनिया झाला तर? एक पत्राच तर आहे. भिंती नका घालू हवं तर. नुसता पत्रा. त्याला काय हरकत आहे?

खोटं नका बोलू. वाटलं.

मी लिहिलेलं खोडलं आहे आणि अनुमोदकाच्या जागी तुमचं नाव घातलं आहे. ठराव मंजूर. मुलांना आत बोलवायला मात्र तुम्हीच या, आमच्यातलं कोणी खिडकीपासून हलत नाहीये.